जनमेजयाची रिकामी जागा

२ ऑक्टोबर १९८८च्या रविवारी सकाळी दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांची ‘महाभारत’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा कथा सांगायला व्यास आले नाहीत, वैशंपायन आले नाहीत, सूतही आला नाही. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं आणि हरीश भिमाणींच्या घनगंभीर आवाजात स्वतः काळ बोलू लागला. डॉ. राही मासूम रझांनी पटकथेत योजलेला हा निवेदक विलक्षण होता. काळाला सगळं ठाऊक असतं, तो कुणाचा पक्ष घेत नाही, त्याला जात नसते की पंथ नसतो. पुढची पावणेदोन वर्षं, ९४ भाग, देशाने हा आवाज ऐकला, आणि आजही महाभारत म्हटलं की पन्नाशीतल्या माणसाच्या कानात आधी तोच आवाज घुमतो.

या आवाजात फक्त एक उणीव होती. काळाला मध्येच थांबवून कुणी काही विचारू शकत नाही.

व्यासांच्या ग्रंथात असं नाही. तिथे सांगणाऱ्याच्या आधी विचारणारा येतो. नैमिषारण्यात शौनक विचारतो म्हणून सूत बोलतो. आणि सूत जे सांगतो ते त्याने जनमेजयाच्या सर्पसत्रात ऐकलेलं असतं. तिथे वैशंपायन सुरुवातीला कथा थोडक्यात आटोपतो. जनमेजयाचं समाधान होत नाही. तो म्हणतो, मला विस्ताराने सांगा, आणि लगेच प्रश्नांची सरबत्ती करतो. हजारो हत्तींचं बळ असलेल्या भीमाने आपला राग कसा गिळला? दुष्टांनी छळ मांडला असताना, अंगी सामर्थ्य असूनही, द्रौपदीने त्या कौरवांना नुसत्या नजरेने जाळून का टाकलं नाही? धर्म जाणणाऱ्या युधिष्ठिराने एवढं दुःख का सोसलं? हे विचारणारा मनुष्य बापाच्या मृत्यूचा सूड म्हणून सापांची अख्खी जात आगीत टाकायला बसलेला आहे. सूडाच्या यज्ञात बसलेल्या राजाला, त्याच्याच पणजोबांच्या सूडाची कथा, त्याच्या प्रश्नांना उत्तर म्हणून सांगितली जाते. महाभारताची सगळी बांधणी या एका जागेवर उभी आहे. दूरचित्रवाणीने कथा घेतली, पात्रं घेतली, युद्ध घेतलं, गीता घेतली आणि जनमेजयाची जागा रिकामी ठेवली. गेल्या जवळजवळ चार दशकांत या महाकाव्यांवर ज्या मालिका आल्या, त्यांच्यावर माझा मुख्य आक्षेप हा आहे.

मालिकांविषयी नेहमीची तक्रार वेगळी असते: मूळ कथा बदलली, नसलेला प्रसंग घातला. ही तक्रार मला फारशी पटत नाही. बदलणं ही या कथांची रीतच आहे. भासाने ‘ऊरुभंग’ लिहून दुर्योधनाला मरताना मोठं केलं. कालिदासाने शकुंतलेच्या कथेत दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणून दुष्यंताची सुटका केली. व्यासांची शकुंतला मात्र भर दरबारात राजाशी वाद घालते. एकनाथांनी ‘भावार्थ रामायण’ लिहिलं, मुक्तेश्वरांनी आणि मोरोपंतांनी महाभारत मराठीत आणलं, श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ गावोगावच्या देवळांत वाचला गेला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये सुभद्राहरणाचं गोड संगीत नाटक केलं, तर खाडिलकरांनी १९०७ मध्ये कीचकाच्या वेषात व्हाइसरॉय कर्झन उभा केला. तो अर्थ प्रेक्षकांना कळला तसाच सरकारलाही कळला आणि १९१० मध्ये ‘कीचकवध’वर बंदी आली. मालिकेने बदल केला म्हणून रागवायचं तर या सगळ्यांवरच रागवावं लागेल. बदल केल्यावर कथेतला प्रश्न जिवंत राहतो की मरतो, हे मी पाहतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे द्रौपदीचं हसणं.

मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो, वरून द्रौपदी हसते आणि म्हणते, आंधळ्याचा मुलगा आंधळाच. चोप्रांच्या मालिकेत हा प्रसंग आहे आणि तो इतका ठसला की या देशातल्या कोट्यवधी लोकांच्या लेखी महाभारत घडण्याचं ते पहिलं कारण झालं. हे वाक्य मालिकेने पदरचं घातलं असं म्हणता येत नाही. लोककथांत आणि नाटकांत ते आधीपासून होतं. पण मालिकेने ते घराघरांत पोचवलं. बायकांनी जिभेला लगाम घालावा, नाहीतर महाभारत होतं, हे वाक्य लग्नाच्या मांडवात, सासू-सुनेच्या भांडणात आणि पुढाऱ्यांच्या भाषणात मी ऐकत आलो आहे.

आता सभापर्व उघडून पाहा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. १९१९ मध्ये काम सुरू झालं, १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखठणकरांनी सूत्रं हाती घेतली, आणि काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतच्या १,२५९ हस्तलिखितांचा पडताळा घेत १९६६ मध्ये ते पुरं झालं. त्या संहितेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते सेवक, मग भीम, अर्जुन, नकुल आणि सहदेव. द्रौपदी त्या जागी नाहीच. ती येते पुढे, हस्तिनापुरात, जेव्हा दुर्योधन बापाजवळ आपलं दुःख सांगतो. तेव्हा तो म्हणतो की कृष्ण हसला, अर्जुन हसला आणि बायकांसह द्रौपदीही हसली, त्याने माझं काळीज चिरलं. आंधळेपणाचा उल्लेख तिथेही नाही. म्हणजे प्रसंग एक आणि त्याचं सांगणं दुसरं. अपमानाने जळणारा माणूस घरी येऊन गोष्ट सांगतो तेव्हा तिच्यात माणसं वाढतात, आणि वाढतात ती नेमकी त्याच्या मनात सलणारी माणसं. व्यासांनी हे दोन्ही वृत्तांत शेजारी ठेवले आणि निवाडा वाचकावर सोडला. जनमेजयासारखा श्रोता असता तर त्याने टोकलं असतं: मघाशी तर द्रौपदीचं नाव नव्हतं, आता कुठून आलं? मालिकेने फिर्यादीची जबानी घेतली, तिच्यात एक वाक्य घातलं आणि ती घडलेली गोष्ट म्हणून कॅमेऱ्यासमोर उभी केली. ऐकलेल्या गोष्टीवर शंका घेता येते. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर कोण घेणार? एका बाईवर लादलेला हा आळ अजून फिटलेला नाही, म्हणून मला तो साधा पाठभेद वाटत नाही.

पुढे द्यूत येतं. हल्लीच्या कुठल्याही मालिकेतला द्यूताचा भाग आठवून पाहा. फासा हातातून सुटतो, हवेत गरगरतो, शकुनीचा एक डोळा बारीक होतो, विजा कडाडतात, मग भीष्म, द्रोण, विदुर, धृतराष्ट्र, पाच पांडव, सगळ्यांचे चेहरे एकापाठोपाठ एक जवळून दिसतात. फासा पटावर पडतो आणि जाहिराती लागतात. व्यासांनी फाशाला एवढं महत्त्व दिलेलं नाही. युधिष्ठिर पण लावतो, शकुनी ‘जिंकलं’ म्हणतो, की झाला पुढचा डाव. धन, रथ, दासी, हत्ती, घोडे, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, स्वतः आणि शेवटी द्रौपदी. हे सगळं भराभर उरकून व्यास जिथे थांबतात ती जागा फाशाची नाही. ती प्रश्नाची आहे.

द्रौपदीला आणायला प्रातिकामी नावाचा सेवक जातो. ती जायला नकार देते आणि त्याला परत पाठवते: त्या जुगाऱ्याला सभेत विचार, आधी तू स्वतःला हरलास की मला? युधिष्ठिर गप्प बसतो. मग दुःशासन तिला केसांना धरून ओढत आणतो, ती रजस्वला, एकवस्त्रा, आणि त्या अवस्थेतही ती तोच प्रश्न धरून राहते. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे. ज्याची मालकीच उरली नाही त्याला दुसऱ्याचं धन पणाला लावता येत नाही, पण बायको नवऱ्याच्या अधीन असते हेही खरं, तेव्हा मला निर्णय करता येत नाही. दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण उठतो आणि मुद्द्यांनिशी सांगतो की ही जिंकली गेलेली नाही. कर्ण त्याला पोरकट म्हणून खाली बसवतो. विदुर सभेला बजावतो की प्रश्नाचं उत्तर न देता गप्प बसणारा सभासद पापाचा वाटेकरी असतो. सभा गप्पच राहते. माणूस माणसाच्या मालकीचा असतो का, हरलेल्याला हक्क उरतो का, नवऱ्याचा हक्क कुठे संपतो, एवढं सगळं त्या एका प्रश्नात आहे.

इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये याच जागी द्रौपदीला दोष दिला आहे. भर सभेत कायद्याचा काथ्याकूट करण्यात तिची चूक झाली असं त्यांचं मत. मला ते मान्य नाही. त्या सभेतल्या धुरंधरांना तोंडघशी पाडणारं दुसरं काहीही तिच्या हाती नव्हतं, आणि दया मागण्यापेक्षा न्याय मागणं तिने पत्करलं. पण कर्व्यांचं लिखाण वाचताना माझ्या मनात वाद पेटतो, मी उठून सभापर्व पुन्हा काढतो. कर्व्यांनी जनमेजयाची जागा घेतलेली असते आणि मलाही शेजारी बसवलेलं असतं.

चोप्रांना हे जमणार नव्हतं असं मुळीच नाही. १९६० मध्ये, गाण्यांशिवाय हिंदी चित्रपट चालत नाही असं मानलं जात असताना, त्यांनी फाशीच्या शिक्षेवर ‘कानून’ हा एकही गाणं नसलेला, कोर्टात घडणारा चित्रपट काढला होता. वाद कसा रंगतो हे त्यांना नेमकं कळत होतं. त्यांच्या मालिकेतला सभेचा भाग आजही सगळ्यांत उजवा आहे. रूपा गांगुलींची द्रौपदी एकेका ज्येष्ठासमोर जाऊन जाब विचारते आणि राहींचे संवाद तिथे धारदार होतात. तरीही भाग संपल्यावर मनात उरतं ते न संपणारं वस्त्र, कृष्णाचा उंचावलेला हात आणि वाढत जाणारं संगीत. आपण हात जोडतो. द्रौपदीबरोबर तिचा प्रश्नही झाकला जातो.

वस्त्राच्या चमत्काराबद्दल नीट बोलायला हवं, कारण तो लाखो भक्तांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि कुणाची श्रद्धा दुखवावी असा माझा हेतू नाही. चिकित्सक आवृत्तीच्या मूळ संहितेत वस्त्रं येत राहतात, पण ती कोण पुरवतं हे सांगितलेलं नाही. कृष्णाचा धावा तळटीपेत गेला आहे. वनपर्वात कृष्ण स्वतः सांगतो की मी तेव्हा शाल्वाशी लढायला दूर गेलो होतो, जवळ असतो तर द्यूत होऊच दिलं नसतं. त्याच वनपर्वात द्रौपदी त्याच्यासमोर रडते: मला नवरे नाहीत, मुलगे नाहीत, भाऊ नाही, बाप नाही आणि तूही नाहीस. उद्योगपर्वात कृष्ण म्हणतो की दूर असलेल्या मला तिने हाक मारली होती, त्याचं ऋण माझ्या मनावर चढत चाललं आहे. हा कृष्ण मला पडद्यावरच्या कृष्णापेक्षा अधिक जवळचा वाटतो: वेळेवर पोचू न शकलेला, ती बोच वागवणारा. भक्तीच्या परंपरेतला धावून येणारा कृष्णही खराच आहे, कारण शतकानुशतकं माणसांनी त्याच्यावर भार टाकून दिवस काढले. पण ग्रंथात दोन्ही कृष्णांना जागा आहे. पडद्यावर एकाच कृष्णाला जागा मिळाली, आणि तो आल्यामुळे गप्प बसलेल्या सभेची जबाबदारी हलकी झाली.

त्या दिवसाचा शेवट तर बहुतेकांच्या स्मरणातच नाही. घाबरलेला धृतराष्ट्र द्रौपदीला वर मागायला सांगतो. पहिल्या वराने ती युधिष्ठिराला दास्यातून सोडवते, दुसऱ्याने बाकीच्या चौघांना रथ आणि धनुष्यांसह. तिसरा वर ती नाकारते. ज्या कर्णाने तिला घाणेरड्या शब्दांनी हिणवलं, तोच म्हणतो की बुडणाऱ्या पांडवांना ही नाव होऊन पैलतीरी घेऊन गेली. पाच वीरांना बाईने सोडवलं, हे महाभारतात स्वच्छ लिहिलेलं आहे.

कर्णाचा विषय निघालाच आहे. २०१५ मध्ये सोनी वाहिनीवर ‘सूर्यपुत्र कर्ण’ आली, आणि स्टार प्लसच्या २०१३च्या ‘महाभारत’मध्येही कर्णाच्या दुःखावर मोठा भर होता. या हळव्या कर्णाशी आपल्या मराठी वाचकाची ओळख जुनी. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आलं, रणजित देसाईंचं ‘राधेय’ १९७३ मध्ये. जातीमुळे डावललेल्या माणसाचं दुःख त्या पुस्तकांनी मराठी घरांत नेलं आणि ते काम मोलाचं होतं. पण ‘मृत्युंजय’ आलं त्याच १९६७ मध्ये ‘युगान्त’ही आलं आणि त्यातला कर्ण अगदी निराळा होता, स्वतःची ओळख शोधताना वाहवत गेलेला, सभेत नीच बोललेला, घोषयात्रेत गंधर्वांपुढून पळालेला. एकाच वर्षी दोन कर्ण मराठीत शेजारी उभे राहिले. कुणाचं खरं, यावर कॉलेजच्या कट्ट्यांवर, वाचनालयांत, घरी जेवताना वाद झाले. वाचकाला स्वतः ठरवावं लागलं. मालिकेचा प्रेक्षक रात्री नऊ वाजता एकच कर्ण पाहतो, आणि पार्श्वसंगीत त्याला कुठे रडायचं ते सांगतं.

मालिका कर्णावर दया दाखवते आणि त्याचं मोठेपण घालवते, असं मला वाटतं. उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात घेऊन जन्माचं रहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण ते नाकारतो, का नाकारतो तेही सांगतो: अधिरथ आणि राधेने मला वाढवलं. शिवाय बजावतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कारण तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. येणारं युद्ध हा एक यज्ञ आहे आणि त्यात आपली आहुती पडणार, हे तो शांतपणे मांडतो. आणि दुर्योधनाला खूश करायला मी पांडवांना जे कठोर बोललो त्याचा मला पश्चात्ताप होतो, हेही कबूल करतो. हा माणूस स्वतःच्या कृत्यांचा हिशेब स्वतः देतो. दैवाचा मारा झालेला बिचारा म्हणून त्याच्याकडे पाहिलं की हा हिशेबच पुसला जातो.

रामायणाची गोष्ट अधिक नाजूक आहे. रामानंद सागरांची मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ रोजी संपली. लोक टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत, रस्ते ओस पडत. श्रेयनामावलीत वाल्मीकी, तुलसीदास, कंबन, कृत्तिवास यांच्याबरोबर आपल्या एकनाथांचं ‘भावार्थ रामायण’ही होतं. नावं अनेक, पण कथा वळवली ती अखेर एकाच वळणावर. अग्निपरीक्षेचा प्रसंग घ्या. वाल्मीकींचा राम सीतेला जे बोलतो ते वाचवत नाही: मी लढलो ते माझ्या कुळाच्या मानासाठी, तुला हवं तिथे जा. सीता खाली मान घालून रडत बसत नाही. एखाद्या सामान्य पुरुषाने सामान्य बाईला बोलावं तसं तुम्ही मला बोलता आहात, असं ती सुनावते आणि लक्ष्मणाला चिता रचायला सांगते. सागरांनी अध्यात्म रामायण आणि तुलसीदासांच्या परंपरेतली मायासीता घेतली: खरी सीता आधीच अग्नीच्या हवाली होती, रावणाने नेली ती छाया, आणि अग्निप्रवेश हे खऱ्या सीतेला परत आणण्याचं निमित्त. भक्ताच्या मनाला या कथेने मोठा दिलासा मिळतो आणि ती शतकानुशतकं सांगितली गेली आहे. पण वाल्मीकींनी जे दुःख रामाच्याही वाट्याला ठेवलं होतं, ते यात उरत नाही. काही चुकलंच नाही म्हटल्यावर रामाने सोसलं काय आणि सीतेने सुनावलं काय?

गदिमांनी असं केलं नाही. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. वर्षभरात ५६ गीतं झाली, सुधीर फडक्यांच्या चालींवर. तेही प्रसारमाध्यमासाठी, आठवड्याच्या मुदतीत लिहिलेलं, घराघरांत भक्तीने ऐकलं गेलेलं काम होतं. पण प्रत्येक गीत त्या त्या पात्राच्या तोंडी आहे आणि सगळी मिळून एका मताची होत नाहीत. रामाचं तत्त्वज्ञान त्यात आहे, तशी वनात सोडलेल्या सीतेची लक्ष्मणाला घातलेली आर्त पृच्छाही आहे, आणि तिला कुणी सोपं उत्तर देत नाही. भक्ती असली की प्रश्न गिळावेच लागतात, हे म्हणणं त्यामुळे मला खोटं वाटतं.

आपल्या जुन्या कलांतही विचारणाऱ्याची जागा होती. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगावर निरूपण चालतं आणि उत्तररंगात आख्यान. आख्यान ऐन रंगात आलेलं असताना बुवा थांबतात, इथे कुणी शंका घेईल म्हणतात, स्वतःच शंका मांडतात आणि श्रोत्यांच्या तोंडाकडे पाहतात. सिंधुदुर्गातला दशावतार तर लिखित संहितेशिवाय चालतो. आख्यान कुठलं ते ठरतं, पात्रं वाटली जातात आणि संवाद जागच्या जागी सुचतात. समोरच्याने मुद्दा टाकला की याने तो तोडायचा. राजाने धर्माचा दाखला दिला की राक्षसाने उलटा दाखला द्यायचा. पहाटेपर्यंत जागलेली माणसं सकाळी ओटीवर बसून कुणाचा मुद्दा कुणी कसा खोडला ते सांगतात. शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांनाच वाद ऐकायची गोडी असते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

मालिकेला ही गोडी का लागली नाही, याचं एक कारण धंद्यात आहे. मुंबईहून निघून गुजरातच्या हद्दीत शिरलं की उंबरगाव लागतं. सागरांचं रामायण तिथे चित्रित झालं आणि २०१३च्या महाभारताचे भव्य महालही तिथेच उभे राहिले. ती मालिका आठवड्यातून अनेक दिवस चालली, अकरा महिन्यांत २६७ भाग झाले. रोज रात्री प्रेक्षक उद्याही यावा म्हणून ‘आता पुढे काय’ ही ओढ लावावी लागते. महाभारताला मात्र ही ओढ नकोच होती. भीष्मपर्वात युद्ध सांगायला बसलेला संजय आधी भीष्म पडले हेच सांगतो आणि मग दहा दिवसांची हकीकत उलगडतो. द्रोण, कर्ण, शल्य, प्रत्येकाच्या पर्वाची तीच तऱ्हा: आधी मृत्यूची बातमी, मग वृत्तांत. आंधळा बाप ऐकतो, कोसळतो, सावरतो आणि विचारतो: कसा मेला, कोण जवळ होतं, कुणी का वाचवलं नाही? शेवट ठाऊक असला की ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष ‘कसं’ आणि ‘का’कडे जातं. रोजच्या भागाच्या गणिताने हे ‘का’ मागे टाकलं.

मालिकांनी काही दिलंच नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. प्रवचनाला ज्यांना कधी जाता आलं नाही, पोथी ज्यांना वाचता येत नव्हती, त्यांच्या घरात महाभारत पोचलं. एका मुसलमान लेखकाने ते लिहिलं आणि देशाने डोक्यावर घेतलं. आजच्या दिवसांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी इतकी मोठी आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने दोन्ही मालिका पुन्हा दाखवल्या, तेव्हा धास्तावलेल्या घरांना त्यांनी आधार दिला.

आणि हे माध्यम प्रश्न विचारू शकतं, याचाही दाखला आहे. २०१४ मध्ये एपिक वाहिनीवर ‘धर्मक्षेत्र’ ही २६ भागांची मालिका आली. युद्धानंतर चित्रगुप्ताच्या दरबारात एकेक पात्र आरोपी म्हणून उभं राहतं, बाकीचे त्याला जाब विचारतात आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. युद्धाची दृश्यं थोडी, सेटही साधे, पण मी ती मालिका खिळून पाहिली. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘कुरुक्षेत्र’ या ॲनिमेशन मालिकेनेही अठरा योद्ध्यांच्या नजरेतून युद्ध सांगायचं ठरवलं, ही चांगली खूण आहे. त्याच महिन्यात जिओहॉटस्टारवर कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रं घडवलेलं महाभारतही आलं. यापुढे हस्तिनापूर उभारायला उंबरगावही लागणार नाही. हवा तेवढा भव्य महाल, हवी तेवढी सेना यंत्र देईल. भव्यता अशी स्वस्त झाल्यावर मालिका करणाऱ्यांना एकच गोष्ट कमवावी लागेल आणि ती लेखणीतून येते. त्यांना माझी विनंती आहे की महालांवरचा खर्च वाचेल तो चांगल्या लेखकांवर करा, आणि सभापर्वातल्या त्या वादाला पुरे दोन भाग द्या, मध्ये एकदाही वीज न कडाडता. प्रेक्षक उठून जाणार नाही.

ते करतील तेव्हा करतील. आपल्याला त्यांची वाट पाहण्याचं कारण नाही. पुढच्या वेळी घरात महाभारत लागेल आणि द्यूताचा भाग संपेल, तेव्हा टीव्ही बंद करून पोराबाळांना द्रौपदीचा प्रश्न विचारा: जो स्वतःलाच हरला, त्याला बायकोला पणाला लावता येतं का? आणि येत नसेल, तर भीष्मांनी निर्णय का दिला नाही? नातीचं उत्तर आजोबांना पटणार नाही, आईचं उत्तर बाबांना झोंबेल, आवाज चढतील. चढू द्या.